कौटुंबिक नात्यांवरचा एखादा चांगला फिलिपिनो विनोदी चित्रपट कोणता?

माझे उत्तर 'फोर सिस्टर्स अँड अ वेडिंग' असे आहे. कॅथी गार्सिया-मोलिना यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट 2013 साली प्रदर्शित झाला. धाकट्या भावाने अगदी थोड्या दिवसांच्या ओळखीवर लग्न ठरवल्याचे कळताच सालाझार घराण्यातील चार बहिणी आईच्या घरी जमतात आणि ते लग्न मोडण्याच्या खटपटीला लागतात. होणाऱ्या व्याह्यांशी त्यांची जी चढाओढ चालते, तिच्यात भरपूर हसू आहे. मात्र चित्रपटाचा खरा जीव बहिणींच्या आपसांतील सलांमध्ये आहे.

टेडी ही थोरली बहीण माद्रिदमध्ये शिक्षिका आहे असे घरी सगळे समजतात, पण ती नोकरी केव्हाच गेलेली असून मिळेल ते काम करून ती दिवस काढते आहे. परदेशी राबणाऱ्या माणसांच्या कमाईवर जिथे असंख्य कुटुंबे चालतात, त्या देशात हे लपवणे किती जड जात असेल, हे टेडीची भूमिका करणाऱ्या टोनी गोन्झागा यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसते. शेवटाकडे आईसमोर सगळी भावंडे वर्षानुवर्षे साठलेले बोलून टाकतात, आणि न्यूयॉर्कला यशस्वी झालेली बॉबी (बिया अलोन्झो) आपले यशच जणू अपराध ठरल्याचे रडत सांगते, तो प्रसंग अवश्य पाहावा.

संवादांत वारंवार येणारा 'आते' हा शब्द ऐकून मराठी प्रेक्षकाला आत्या आठवेल, परंतु तागालोग या फिलिपिनो भाषेत त्याचा अर्थ ताई असा आहे.