शेवट पटत नाही, म्हणून पुस्तक अडलंय

*ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, ऑटिस्टिक आहे. त्याच्या वयाच्या मुलांसाठी ऑटिझमवर चित्रपुस्तक लिहायला घेतलं, पण गणपतीपासून एक ओळ पुढे सरकलेली नाही. गोष्टीतला मुलगा स्नेहसंमेलनात सीएसएमटी ते कसारा सगळी स्टेशनं घडाघडा म्हणतो, टाळ्या पडतात, सगळे त्याचे मित्र होतात. इथवर येते आणि हात थांबतो. परवा दादरला लग्नात माझा मुलगा सारखा ‘पुढील स्टेशन भांडुप’ म्हणत होता. पाहुणे हसत होते. त्याला घरी जायचंय, हे फक्त मला कळलं. अशा वेळी लिहायचा मूडच जातो. सासूबाई म्हणतात, घरातलं चव्हाट्यावर कशाला? नवरा म्हणतो, सोड नाद. २ एप्रिलच्या ऑटिझम दिनाआधी पुस्तक व्हायला हवं होतं.*
*– भांडुपची एक आई*

अहो, हात थांबला ते बरंच झालं. तो शेवट तुम्हालाच पटलेला नाही. स्टेशनं पाठ नसती, तर त्या मुलाशी कोणी मैत्री केली नसती का? आधी काहीतरी करामत दाखव, मग खेळायला घेऊ, असाच त्याचा अर्थ होतो. अशा गोष्टी ढिगानं लिहिल्या जातात आणि मला त्यांचा मनापासून कंटाळा आहे.

तुमचं पुस्तक त्या लग्नात आहे. मूड गेल्याची तक्रार म्हणून तुम्ही ते दोन ओळींत उरकलंत! ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्याला एकोलालिया म्हणतात. पूर्वी ती निव्वळ पोपटपंची समजली जायची. १९८० च्या दशकात बॅरी प्रिझंट यांच्यासारख्या अभ्यासकांनी दाखवून दिलं, की त्यातून मुलं मागतात, नकार देतात, स्वतःला शांतही करतात. तुमचा मुलगा हॉलमध्ये उभा राहून स्वच्छ मराठीत घरी चला म्हणत होता. लोकलमधल्या बाईंच्या शब्दांत, एवढंच.

आता हे पानांवर मांडा. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचं असतं. ए-फोरचे आठ कागद एकात एक घालून मधोमध दुमडा, की ३२ पानांची वही तयार. शीर्षक वगैरेची पानं सोडली, तर चौदाएक जोडपानं, म्हणजे समोरासमोरच्या पानांच्या जोड्या, हाताशी राहतात. प्रत्येकावर आधी फक्त चित्रात काय दिसेल ते लिहा: बॅन्ड, व्हिडिओवाल्याचा लख्ख दिवा, गाल ओढणारी मावशी, कानांवर हात. ‘त्याला आवाज सहन होत नाही’ हे वाक्य लिहायचंच नाही, ते चित्रकाराचं काम. शब्द मोजकेच ठेवा. पहिल्या पानांवर लोकलमध्ये मुलगा ती घोषणा ऐकतो आणि घरी पोहोचतो. पुढे हॉलमध्ये तो तेच म्हणतो, मोठी माणसं हसतात. वाचणाऱ्या सहा वर्षांच्या पोरीला मात्र अर्थ आधीच कळलेला असतो आणि ती पुस्तकातल्या मोठ्यांवर वैतागते. तिला ऑटिझम समजावून सांगायला वेगळं पान लागणार नाही. पालकांसाठी माहिती द्यायचीच, तर शेवटच्या पानावर द्या. ऑटिझम हा आजार नाही, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात त्याची नोंद आहे, इतकं पुरे.

शेवटी कोणीतरी एकानं त्याला विचारावं, ‘भांडुपला जायचं?’ आणि निघावं. टाळ्या नकोत.

सासूबाईंचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. गोष्ट त्याची आहे, ती जगाला सांगू का, हे त्यालाही विचारायला हवं. नाव बदला, शाळेचा गणवेश बदला, हवं तर स्टेशनही बदला. कच्ची वही त्याच्यासमोर ठेवा. एखादं पान त्यानं पुनःपुन्हा उलटून मिटलं, तर ते पान काढा. ऑटिस्टिक मोठ्या माणसांनाही वाचायला द्या. आई म्हणून आपल्याला बरंच कळतं, पण तो गोंगाट आतून कसा लागतो ते त्यांनाच ठाऊक. हसणाऱ्या पाहुण्यांत सासूबाई होत्या का, हे तुम्ही लिहिलं नाहीत आणि मीही विचारत नाही. नवऱ्याला सध्या काही दाखवू नका.

राहिला २ एप्रिल. जागतिक ऑटिझम जागरूकता दिन दर वर्षी येतो. चांगल्या चित्रकाराला चित्रांसाठीच काही महिने लागतात, त्यामुळे यंदाची तारीख सोडून द्या आणि या रविवारी ते आठ कागद दुमडा.