सेमिनरी हिल्सचा टॉवर आणि नागपूर दूरदर्शन केंद्र

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. सेमिनरी हिल्सच्या टॉवरवरचं जुनं प्रक्षेपण थांबलं म्हणजे नागपूर दूरदर्शन केंद्रच बंद पडलं का? आणि आजोबांच्या गच्चीवरच्या जुन्या अँटेनावर दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री दिसेल का? मी ऐंशीच्या दशकात सीताबर्डीच्या एका दुकानात टीव्ही दुरुस्ती शिकलो आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं नागपुरात अँटेना बसवत फिरलो. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

अँटेनाचं आधी सांगतो. नाही दिसणार. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीनं ॲनालॉग, म्हणजे टॉवरवरून साध्या अँटेनावर येणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण टप्प्याटप्प्यानं बंद केलं. मोक्याच्या ठिकाणचे पन्नासेक प्रक्षेपक सोडले, तर देशभरातले बाकीचे ३१ मार्च २०२२ पर्यंत थांबवायचं ठरलं होतं. अँटेना कितीही चांगला असला तरी हवेत सिग्नलच नसेल तर तो बिचारा काय पकडणार?

केंद्राचं मात्र तसं नाही. टॉवर आणि केंद्र ही दोन वेगळी कामं आहेत, हे आपल्याकडे पहिल्यापासून कोणी नीट सांगितलंच नाही. टॉवरचं काम पोचवण्याचं, केंद्राचं काम कार्यक्रम तयार करण्याचं. नुसतं पोचवणारी रिले केंद्रं देशात शेकड्यानं होती. स्वतःचा स्टुडिओ असलेली त्या मानानं थोडी, आणि नागपूर त्यातलं एक.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. पुण्याला ते सिंहगडावरच्या टॉवरमुळे दिसायला लागलं. आपण मुंबईहून आठशे किलोमीटर लांब. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे १० किलोवॅटचा मोठा प्रक्षेपक उंच मनोऱ्यावर बसवला तरी चित्र साधारण शंभर किलोमीटरपर्यंतच जातं. १०० वॅटचा छोटा असेल तर पंधरा-वीस. म्हणून सत्तरच्या दशकात आम्ही टीव्हीबद्दल फक्त पेपरात वाचायचो.

ती अडचण उपग्रहानं सोडवली. इन्सॅट-१ए एप्रिल १९८२ मध्ये सोडला आणि सप्टेंबरातच निकामी झाला. त्याच वर्षी १५ ऑगस्टला दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रम आणि रंगीत प्रक्षेपण सुरू झालं, नोव्हेंबरात आशियाई खेळ आले. ३० ऑगस्ट १९८३ ला गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला, आणि १९८४ मध्ये तर काही महिने देशात दिवसाला एक प्रक्षेपक उभा राहत होता. दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावर जायचा, तिथून प्रक्षेपण केंद्राच्या मोठ्या डिशमध्ये उतरायचा, आणि टॉवरवरून नागपुरातल्या महाल-इतवारी भागातल्या गच्चीवर.

त्या गच्च्या मी पाहिल्या आहेत. शहरातल्या सगळ्या अँटेनांची तोंडं सेमिनरी हिल्सकडे. महालातून वायव्येला, धरमपेठेतून उत्तरेला. नवीन घरी गेलो की आधी टॉवर कुठे आहे ते बघायचं, मग पाइप फिरवायचा. खाली घरातला पोरगा ओरडायचा, "आलं... गेलं... थोडं मागं घ्या काका!" मुंग्या दिसल्या तर सिग्नल कमी. चित्राशेजारी दुसरं फिकट चित्र दिसलं तर त्याला आम्ही भूत म्हणायचो. लहर एकदा टॉवरवरून थेट येते आणि समोरच्या उंच इमारतीवर आपटून दुसऱ्यांदा, किंचित उशिरा येते, तेच ते भूत. तिथं बूस्टर लावून काही होत नाही, कारण बूस्टर भुतालाही तेवढंच मोठं करतो. अँटेना दोन-चार फूट सरकवावा लागतो. हे गिऱ्हाइकाला पटवता पटवता जीव जायचा.

सगळ्यात जास्त तक्रारी संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी यायच्या. नागपूरची संक्रांत म्हणजे पतंग. मांजा अँटेनात अडकला की पोरं ओढायची, दांड्या वाकायच्या, पाइप फिरून जायचा. पावसाळ्यात चपट्या वायरीत पाणी शिरायचं. मे महिन्यात ॲल्युमिनियमला हात लावला की चटका बसायचा. तरी वर चढून बसवलेलं ते काम मला फार आवडायचं. खाली उतरलं की सगळं घर टीव्हीसमोर बसलेलं दिसायचं.

आता केंद्राबद्दल, आणि यात माझा जीव गुंतलेला आहे. माझे बाबा भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी दंडारीत, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्यात, गायचे. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी त्यांच्या मंडळाला नागपूर केंद्रात रेकॉर्डिंगसाठी बोलावलं. दंडार रात्रभर चालते, उघड्यावर, समोर सगळं गाव. इथं एसीचा गारवा, डोक्यावर तापलेले दिवे, तीन कॅमेरे आणि पंचवीस मिनिटं. फ्लोअर मॅनेजर कॅमेऱ्यामागून बोटं दाखवून उरलेली मिनिटं सांगत होता. वर काचेमागच्या खोलीत निर्माता कोणत्या कॅमेऱ्याचं चित्र घ्यायचं ते क्षणाक्षणाला ठरवत होता. कोणी हौशी म्हणून हसलं नाही. आवाजाची पट्टी तपासली, ढोलकी माइकपासून लांब बसवली, बाबांना दोनदा पाणी विचारलं.

त्याआधीच मी गावच्या ग्रामपंचायतीवर तीस फुटी पाइप उभा करून बूस्टरसकट अँटेना बसवला होता. टॉवरपासून साठ-पासष्ट किलोमीटर, चित्र जेमतेम यायचं. बाबांचा कार्यक्रम लागला त्या संध्याकाळी शंभरेक माणसं अंगणात बसली आणि पडद्यावर आमची बोली, आमचे फेटे, बाबांचा आवाज. घरी व्हीसीआर नव्हता, त्यामुळे ते पुन्हा पाहायला मिळालं नाही. पण टॉवर आणि स्टुडिओ यांतला फरक मला त्या दिवशी कळला. टॉवरमुळे गावाला दिल्ली दिसत होती. स्टुडिओ होता म्हणून गावाला गाव दिसलं.

म्हणून "टॉवर बंद, मग केंद्र कशाला?" असं कोणी म्हणून राहिलं की मला राग येतो. कापसावरची बोंडअळी, संत्र्याची फळगळ, पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटकं, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लोटणारा जनसागर, डिसेंबरातलं हिवाळी अधिवेशन... हे मुंबईहून पाहुण्यासारखं येऊन टिपणं वेगळं आणि इथं राहणाऱ्या माणसानं टिपणं वेगळं. आता इथले कार्यक्रम उपग्रहावरच्या सह्याद्री वाहिनीतून दिसतात. मोठ्या वाहिनीत विदर्भाच्या वाट्याला वेळ थोडा येतो, आणि तो वाढावा असं मला मनापासून वाटतं.

केबलच्या स्थानिक वाहिन्यांनी नव्वदच्या दशकापासून गल्लीतल्या बातम्या दाखवल्या, त्यांचं महत्त्व मी नाकारत नाही. पण त्या जाहिरातीवर चालतात. दंडारीला जाहिरात कोण देणार?

सह्याद्री पाहायचे सोपे मार्ग दोन. केबल असेल तर १९९५ च्या कायद्यानं ठरवून दिलेल्या दूरदर्शनच्या वाहिन्या ऑपरेटरला दाखवाव्याच लागतात. सापडत नसेल तर त्याला ठणकावून विचारा. नाहीतर डीडी फ्री डिश, म्हणजे दूरदर्शनची मोफत डिश सेवा, घ्या. डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याचं भाडं नाही. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. नागपुरातून डिशचं तोंड आग्नेयेला आणि चांगलं वर, जमिनीपासून साठ अंशांवर बघतं. म्हणजे महालातल्या जुन्या अँटेनाच्या जवळजवळ उलट दिशेला. त्या बाजूला झाड किंवा पाण्याची टाकी आड येत नाही ना, ते आधी पाहा.

आणि एक. आजोबांच्या अँटेनाच्या पाइपवर डिश बसवू नका. तो पाइप वाऱ्यानं हलतो. अँटेनाला चालायचं, डिश एक-दोन अंश हलली तरी चित्र जातं. भिंतीत अँकर बोल्ट ठोकून घ्या.