डब्ल्यूडब्ल्यूई, न्यू जपानसारख्या कुस्ती कंपन्यांवरून लातुरात हॉटेल काढायचं झालं, तर ते कसं असावं?

प्रश्नात तुम्ही लिहिलंय की मधोमध रिंग, भिंतीवर पैलवानांची पोस्टरं आणि मुखवटे घातलेले वाढपी असा विचार आहे. माझं म्हणणं असं की कंपनीचं चित्र भिंतीवर लावण्यापेक्षा तिच्या खेळाचा नियम ताटात आणा.

नुसत्या नावावर हॉटेल किती दिवस चालतं, याचे दाखले अमेरिकेत आहेत. पैलवान हल्क होगनचं 'पास्तामेनिया' १९९५ मध्ये मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकामध्ये उघडलं आणि वर्षाच्या आत बंद पडलं. डब्ल्यूसीडब्ल्यू या कुस्ती कंपनीचं लास वेगासमधलं 'नायट्रो ग्रिल' १९९९ मध्ये सुरू होऊन २००० मध्ये मिटलं. डब्ल्यूडब्ल्यूएफचं, म्हणजे आजच्या डब्ल्यूडब्ल्यूईचं, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं हॉटेल १९९९ ते २००३ एवढंच टिकलं. पोस्टर बघायला गिऱ्हाईक एकदा येतं. पुन्हा यायला जेवणात काहीतरी लागतं.

डब्ल्यूडब्ल्यूईकडून घ्यायची ती रॉयल रंबल. ३० पैलवान, पहिले दोघे एकदम आणि उरलेले २८ साधारण दर ९० सेकंदांनी; वरच्या दोरावरून बाहेर फेकला गेला तो बाद, शेवटी उरेल तो जिंकला. सगळे यायला ४२ मिनिटं, बरोबर एका जेवणाचा वेळ. सहा जणांचं टेबल धरा, ३० पदार्थ, माणशी सरासरी २० ग्रॅम: चटणी ५, भाजी ३०. एकूण ६०० ग्रॅम आणि एक भाकरी, यात कुणी उपाशी उठत नाही. ताटात एका वेळी आठच पदार्थ राहतील. नववा आला की टेबलावरच्यांनी मत देऊन एक बाद करायचा. बाद म्हणजे तो परत वाढायचा नाही. शेवटी मतं देत जो एकटा उरेल त्याची एक मोठी वाटी फुकट.

बिघडतं ते स्वयंपाकघरात. कांदाभजी आधी तळून ठेवली तर मऊ पडतात. अकरावा नंबर भज्यांचा असेल, तर आठवा पदार्थ स्वयंपाकघरातून बाहेर पडतानाच घाणा कढईत पडला पाहिजे. तेव्हा कुठे तळून, निथळून वेळेवर पोचतात. दोन तळणीचे पदार्थ लागोपाठ ठेवू नका, तेल उतरतं आणि दुसरा घाणा तेल पितो. तीसपैकी बारा पदार्थ थंड आणि तयार असावेत: शेंगदाण्याची चटणी, कारळाची चटणी, ठेचा, लोणचं, कोशिंबिरी. दहा गरम पाण्यावर ठेवलेले आणि आठच तव्यावरचे किंवा कढईतले. दोन पदार्थांमधलं अंतर ९० सेकंदांहून कमी करायच्या फंदात पडू नका. १९९५ च्या रंबलमध्ये ते ६० सेकंदांवर आणलं होतं; शॉन मायकल्स पहिल्या नंबरवर येऊन जिंकला तो हाच सामना. रिंगणात ते जमलं, पण वाढप्याच्या पायांना जमत नाही. सगळी टेबलं एकाच ठोक्यावर सुरू करा, दुपारी एक आणि रात्री आठ. टेबलागणिक वेगळं घड्याळ ठेवलंत तर पहिल्याच रविवारी आचारी हात टेकेल.

मटणाचा पदार्थ यादीत असेल तर बहुतेक वेळा तोच जिंकेल आणि फुकटची वाटी तुम्हाला महाग पडेल. म्हणून शाकाहारी रंबल वेगळी आणि मटणाची वेगळी, दोन्हींचे दरही वेगळे. आणि ३० वाट्या मांडू नका, एकाच मोठ्या ताटात वाढा. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या गावात माणशी तीस वाट्या विसळणं परवडणारं नाही आणि शोभणारंही नाही.

मला स्वतःला सगळ्यात जवळची वाटते ती न्यू जपानची कल्पना. जपानी पैलवान अँटोनियो इनोकी यांनी १९७२ मध्ये काढलेली ही कंपनी. भपका कमी, फटका खरा. जपानी पैलवानांच्या तालमीत सुमोकडून आलेलं चांको शिजतं, म्हणजे एका भांड्यात मांस, भाज्या आणि भरपूर रस्सा. आपल्याकडे त्या जागी येसर आमटी ठेवा, म्हणजे भाजलेली धान्यं-डाळी आणि मसाले दळून केलेल्या येसराचा रस्सा. चौघांसाठी हाडासकट एक किलो उस्मानाबादी बोकडाचं मटण, दोन लिटर पाणी, साधारण ८० ग्रॅम येसर. येसर थेट उकळत्या रश्श्यात टाकला की गुठळ्या होतात. आधी गार पाण्यात कालवून मगच ओता. टेबलावर शेगडी ठेवलीत तर आमटी आटत जाते, म्हणून शेजारी गरम पाण्याची किटली हवी. गार पाणी ओतलं की रश्श्याची चव उतरते. मेनू पाच पदार्थांच्या वर नको. सहावा घालायचा असेल तर न्यू जपानच्या जी-वन क्लायमॅक्स स्पर्धेसारखी साखळी लावा: दर आठवड्याला दोन नवे पदार्थ समोरासमोर, जिंकला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, हरला तर शून्य. महिन्याअखेर पहिला येईल तोच मेनूत.

मेक्सिकोची सीएमएलएल ही कुस्ती कंपनी १९३३ पासून चालू आहे. तिथं मुखवटा म्हणजे पैलवानाची अब्रू, आणि पैजेच्या सामन्यात तो हरला तर तोंड आणि नाव दोन्ही उघडं होतं. पण मुखवटा वाढप्याला नको. मे महिन्यात लातुरात त्याचा जीव घुसमटेल आणि बाजूचं दिसणारही नाही. मुखवटा पदार्थाला घाला: आत काय ते न कळणारे सारणाचे पराठे, तीन फेऱ्या, दोन ओळखले तर ताक फुकट. दोन गोष्टी मात्र कधीही लपवायच्या नाहीत. शाकाहारी की मांसाहारी, आणि शेंगदाणे आहेत की नाहीत. आपल्या जेवणात दाण्याचं कूट सगळीकडे असतं आणि काहींना ते जिवावर बेततं, तेव्हा आधी विचारायचंच.

ईसीडब्ल्यू ही अमेरिकेतली राडेबाज कुस्तीची कंपनी २००१ मध्ये बंद पडली. तिच्यावरून पत्र्याच्या खुर्च्यांचं छोटं ठेचा-भाकरीचं दुकान निघेल. तिथं प्रेक्षक हत्यारं घरून आणायचे. तुमच्याकडे गिऱ्हाइकांनी घरची चटणी आणावी, कोरडी आणि फक्त स्वतःच्या टेबलापुरती.

आता रिंगचं. डब्ल्यूडब्ल्यूईची रिंग २० फूट चौरस, म्हणजे ४०० चौरस फूट. तेवढ्यात चार जणांची आठ-नऊ टेबलं बसतात. भाडं तुम्ही भरणार, जेवणार कुणीच नाही. गल्ल्याला तीन दोर बांधा, पुरे. कंपन्यांची नावं, चिन्हं, पट्टे नोंदणीकृत आहेत, ते पाटीवर आणू नका, आणि पैलवानांची प्रवेशगीतं परवान्याशिवाय वाजवू नका. नंबर पुकारायला हलगी लावा, ती आपलीच आहे. पण लाल मातीच्या आखाड्याची नक्कल हॉटेलात करू नका. पैलवान हरिश्चंद्र बिराजदारांच्या जिल्ह्यात निकाली कुस्ती आणि ठरवून केलेला खेळ एका भिंतीवर टांगलेला बघून वस्ताद मंडळी उंबरा चढणार नाहीत.

सुरुवात येसर आमटीच्या हॉटेलानं करा आणि रंबल फक्त रविवारी ठेवा. पहिले चार रविवार २० च नंबर. आचाऱ्याचा हात बसला की तीस.