मिरची अख्खी ठेवायची, फोडायची नाही

या वेळी बरेच प्रश्न जमैकन घरगुती जेवणाचे आलेत, म्हणून अख्खं पान त्यालाच देतेय.

प्रश्न : ताई, नोकरीमुळे आम्ही किंग्स्टनला राहतो. शेजारच्या काकू दर रविवारी राइस अँड पीज (नारळाच्या दुधातला राजमा-भात) करतात, त्यात एक अख्खी स्कॉच बॉनेट मिरची टाकतात तरी भात तिखट लागत नाही. मी सेम तसंच केलं तर घरात कोणाला दुसरा घास जाईना. कुठे चुकतंय?

उत्तर : तुमची मिरची आत फुटली असणार, दुसरं काही नाही. स्कॉच बॉनेट तिखटपणा मोजायच्या स्कोव्हिलच्या मापात १ लाखापासून साडेतीन लाखापर्यंत जाते, म्हणजे गंमत नाही, पण भातात ती तिखटासाठी टाकतच नाहीत, वासासाठी टाकतात. तिला फळासारखा गोडसर वास असतो आणि तो वाफेबरोबर भातात उतरतो, साल शाबूत आहे तोवर तिखट आतच राहतं. म्हणून देठासकट घ्यायची, कुठे चीर नाही ना बघायचं, पाणी आटत आलं की भातावर ठेवून झाकण लावायचं, आणि त्यानंतर ढवळाढवळ बंद! भात मोकळा करायच्या आधी चमच्याने अलगद उचलून टाका. बाकी रात्री भिजवलेला राजमा पूर्ण मऊ शिजला पाहिजे, मगच त्या लाल पाण्यात नारळाचं दूध, पातीचा कांदा, थाइमची सुवासिक पानं, पिमेंटोचे (म्हणजे ऑलस्पाइस, मिऱ्यासारखा मसाला) चारपाच दाणे, मीठ आणि तांदूळ. ख्रिसमसला काकू राजम्याच्या जागी तुरीचे दाणे घालतील, तिकडे त्याला गुंगो म्हणतात, तेव्हा हक्काने जेवायला जा.

प्रश्न : जर्क (मसाला लावून धुरावर भाजलेलं जमैकन मांस) करायला जर्क सीझनिंगची कोरडी पावडर आणली, चिकनला चोळली आणि ओव्हनमध्ये ठेवलं. बरं झालं, पण जमैकात खाल्लेलं तसं नाही लागलं.

उत्तर : नाहीच लागणार. जमैकन सीझनिंग ओलं आणि हिरवं असतं आणि ते आदल्या रात्री लागतं, चव विस्तव पेटायच्या आधीच मांसात गेलेली असते. पावडर वरच्या वर राहते आणि करपते. एका मध्यम कोंबडीला सहासात काड्या पातीचा कांदा, मूठभर थाइमची पानं, लसूण, आलं, एक किंवा दोन स्कॉच बॉनेट (इथे मात्र वाटायची, हातमोजे घालून), मोठा चमचाभर पिमेंटो ताजा कुटून, थोडी ब्राउन शुगर, सोया सॉस, लिंबाचा रस, मीठ, सगळं जाडसर वाटा, चिकनला सुरीने खोल टोचे मारा आणि त्या भोकांत बोटाने भरा. पिमेंटोत काटकसर केलीत तर उरलं ते साधं तिखट चिकन, मग त्याला जर्क म्हणू नका.

आता दुसरी अर्धी चव धुराची. गुलामीतून पळून डोंगरात राहिलेले मरून लोक रानडुक्कर असं भाजायचे, आणि पोर्टलंड परगण्यातल्या बोस्टन बे भागात आजही पिमेंटोच्याच लाकडावर, वर पत्रा झाकून, मंद आचेवर भाजतात. घरी ते लाकूड कुठून येणार, तर पिमेंटोचे दाणे भिजवून निखाऱ्यांवर टाका आणि झाकण लावा. ओव्हनच असेल तर धूर सोडून द्या, लिक्विड स्मोकच्या (बाटलीतल्या धुराच्या अर्काच्या) नादी तर अजिबात लागू नका, मला तरी त्याचा वास औषधासारखा येतो.

प्रश्न : ब्राउन स्ट्यू चिकन करताना मसाला दर वेळी तळाला लागून कडू होतो.

उत्तर : तुम्ही मॅरिनेट केलेलं चिकन मसाल्यासकट तेलात सोडताय. आधी त्यावरचा कांदा, लसूण, थाइम सगळं झटकून एका वाडग्यात बाजूला ठेवायचं, नुसते तुकडे जाड बुडाच्या भांड्यात, तिकडे डचपॉट वापरतात, लालसर परतायचे, जास्तीचं तेल काढायचं आणि मग बाजूला ठेवलेलं सगळं पाण्याबरोबर परत घालायचं. रंगासाठी साखर जाळून ब्राउनिंग करत असाल तर गडद तपकिरी झाली की लगेच पाणी ओता (उडतं, लांब उभे राहा), काळी होईपर्यंत थांबलात की कडूपणा आलाच.

प्रश्न : करी गोट भारतातून गेलेला पदार्थ आहे ना? मग चव इतकी वेगळी का?

उत्तर : गेला आपल्याच माणसांबरोबर. १० मे १८४५ ला ब्लंडेल नावाचं जहाज भारतीय मजूर घेऊन ओल्ड हार्बर बे ला लागलं, आणि पुढे १९१७ पर्यंत ऊसमळ्यांसाठी ३६ हजारांच्या वर माणसं नेली गेली. पण रेसिपी तिथल्या सीझनिंगमध्ये मिसळून गेली. जमैकन करी पावडरमध्ये हळद भरपूर, बहुतेक वेळा ऑलस्पाइससुद्धा, आणि मटणाला ती पावडर पातीचा कांदा, थाइम, आलं, लसूण आणि मिरचीबरोबर रात्रभर लावून ठेवतात. सकाळी गरम तेलात अजून थोडी पावडर टाकून रंग गडद होईपर्यंत परततात, त्याला करी बर्न करणं म्हणतात, जाळायची नाही हं, नुसता कच्चा वास घालवायचा. मग मटण, थोडंथोडं पाणी, आणि मंद आचेवर दोनेक तास. शेवटी बटाटा, तो विरघळून रस्सा दाट होतो. टोमॅटो-कांद्याची ग्रेव्ही करायला जाऊ नका, मग घरचंच मटण होईल, छान होईल पण करी गोट नाही.

प्रश्न : भाड्याच्या घराच्या अंगणात अ‍ॅकीचं झाड आहे. फळं लाल झालीत, काढून सुरीने उघडू का?

उत्तर : नाही! झाडावर आपोआप उघडेपर्यंत हात लावायचा नाही. कच्च्या अ‍ॅकीत हायपोग्लायसिन नावाचं विष असतं, रक्तातली साखर एकदम खाली जाते, उलट्या होतात आणि माणसं दगावलीयत. अमेरिकेने १९७३ मध्ये याच कारणाने अ‍ॅकीची आयात बंद केली होती, २००० मध्ये नियम घालून परत सुरू केली. उघडलेल्या फळातला पिवळा गर तेवढा घ्यायचा, काळी बी आणि गुलाबी-लाल पापुद्रा फेकायचा, गर उकळून पाणीही फेकायचं. आणि पहिल्यांदा तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी उभं करून करा. ही अ‍ॅकी सॉल्टफिशबरोबर (खारवलेला मासा) करतात. तो मासा आधी भिजवून उकळून खारटपणा काढा, कांदा-मिरचीवर परता, अ‍ॅकी सगळ्यात शेवटी, नुसतं हलवायचं, नाहीतर लगदा होतो.

प्रश्न : ताजा थाइम नसेल तर वाळलेला चालेल का?

उत्तर : चालेल, ताज्याच्या एक तृतीयांश घ्या. किंग्स्टनमध्ये असाल तर मात्र ही सबब चालणार नाही, तिथे बाजारात पातीच्या कांद्याच्या जुडीबरोबरच थाइम बांधलेला मिळतो.