आजींना ओव्हरटाऊनला घेऊन जा

फ्लोरिडाच्या एका ताईंनी लिहिलंय की मुलाला शाळेत मायामीच्या ब्लॅक लोकांच्या इतिहासावर प्रोजेक्ट मिळालाय, साताऱ्याहून आलेल्या सासूबाई, रिटायर्ड शिक्षिका, घरात बसून बसून वैतागल्यात आणि वर म्हणतात "आपला काय संबंध ह्याच्याशी?"

ताई, दोघांना घेऊन सरळ ओव्हरटाऊन गाठा. जिम क्रोच्या काळात, म्हणजे कायद्यानंच ब्लॅक-गोरे वेगळे ठेवायचे तेव्हा, ब्लॅक माणसांना मायामीत राहायला दिलेला भाग तो, तिथे 1913 चं लिरिक थिएटर अजून उभंय. जायच्या आधी फोन मात्र करा.

आजींना डोरोथी जेंकिन्स फील्ड्स ह्यांची गोष्ट सांगा, त्यांच्यासारख्याच शिक्षण खात्यातल्या बाई. शाळेत लायब्ररियन होत्या, अमेरिकेच्या द्विशताब्दीच्या तयारीत मुलांसाठी पुस्तकं शोधायला पब्लिक लायब्ररीत गेल्या तर मायामीच्या ब्लॅक लोकांवर जवळजवळ काहीच हाती लागेना. मग काय, बाई घरोघरचे फोटो, कागद, म्हाताऱ्यांच्या आठवणी गोळा करायला लागल्या, 1977 मध्ये हे सगळं जपून ठेवणारी 'ब्लॅक आर्काइव्हज' ही संस्था सुरू केली, आणि पुढे ओस पडलेलं लिरिकही त्याच संस्थेने विकत घेऊन दुरुस्त केलं. नोकरी सांभाळून हां! आणि 1960 च्या दशकात हायवेनं ओव्हरटाऊनची वस्ती मधोमध चिरली, हजारो लोकांची घरं गेली, म्हणजे जे काही शिल्लक होतं ते लोकांच्या कपाटातच.

संबंध विचारताय तर जोतिरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अर्पण कोणाला केली ते आजींना विचारा, गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना. मास्तरीण आहेत, त्यांना माहीत असणार.

आणि एक स्पष्ट बोलते, राग मानू नका, आपल्या गेट-टुगेदरमध्ये ब्लॅक लोकांसाठी तो 'कल्लू' शब्द सर्रास चालतो तो आधी बंद करा, पोरं ऐकत असतात.

पोराला सांगा, तिथल्या आजोबांना "इतिहास सांगा" म्हणू नकोस, किराणा कुठून आणायचात, हायवे आला तेव्हा घर कुठे होतं असं विचार, म्हणजे बोलतात. रेकॉर्डिंग परवानगी घेऊनच.

घरी आल्यावर आजींच्या बॅगेतले फोटो पण काढा. मागे नावं त्यांच्याच हातानं लिहून घ्या, पेन्सिलीनं, पेन नको, शाई पुढच्या बाजूला उतरते.