सीव्हीतलं एक्सपिरियन्स आणि स्किल लाट्वियनमध्ये कसं लिहायचं?

कामाचा अनुभव म्हणजे 'दार्बा पिएरेदझे', एवढं सोपंय, पण मनाला हलवून गेलेला अनुभव म्हणायचा असेल तर 'पारदझीवोयुम्स', तो सीव्हीत टाकलात तर एचआरवाले बुचकळ्यात पडतील. एक्सपिरियन्स्डला पुरुष असेल तर 'पिएरेदझेयिस' आणि बाई असेल तर 'पिएरेदझेयुसी', इथे बघून लिहा. स्किलला 'प्रास्मे', आणि सराव करून करून हातात बसलेलं असेल तर 'इएमान्यास', हे अनेकवचनीच वापरतात शक्यतो. मुळात 'प्रास्त' हे क्रियापद म्हणजे आपलं 'येणं', पोहता येतं, शिवणकाम येतं तसं, त्यामुळे इंग्लिशपेक्षा मराठीतून विचार केलात तर पटकन कळतं. एक्सपर्टला 'एक्स्पेर्त्स' चालतं पण मला 'लिएतप्रातेय्स' जास्त आवडतो, अस्सल वाटतो.