वाडियांची 'ट्रिंकोमाली' पाहायची तर

प्रश्न : मुलीकडे इंग्लंडात न्यूकासलला चाललो आहोत. मुंबईत बांधलेली जुनी युद्धनौका तिथून जवळ हार्टलपूलला आहे म्हणे. एका दिवसात जाऊन येता येईल का? यांचे गुडघे दुखतात. नेमकं काय पाहावं?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आरामात. संडरलँडमार्गे जाणारी गाडी साधारण 50 मिनिटांत हार्टलपूलला पोचवते. स्टेशनापासून जहाजाचा धक्का पायी पाव तास. हिवाळ्यात वेळा बदलतात, त्या निघण्याआधी पाहून घ्या.

आत शिरल्यावर धक्क्याभोवती अठराव्या शतकातली दुकानं लागतात. ती 1990 च्या दशकात उभारलेली प्रतिकृती आहे. बरेच जण तिथेच रमतात आणि जहाजाचे खालचे डेक उरकावे लागतात. तुम्ही आधी जहाजावर जा. जिने उभे आहेत. उतरताना तोंड पायऱ्यांकडे ठेवायचं, पिशवी हातात नको. यांना किती डेक जमतील ते तिकीट काढतानाच विचारा.

'ट्रिंकोमाली' जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईच्या गोदीत बांधली आणि 12 ऑक्टोबर 1817 रोजी ती पाण्यात उतरली. आराखडे घेऊन येणारं 'जावा' जहाज 1812 मध्ये अमेरिकनांनी जिंकून नष्ट केलं, त्यामुळे ते पुन्हा मागवावे लागले. लाकूड मलबारचा साग. ओकच्या लाकडातल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. साग तेलकट, त्यात ते टिकतात. म्हणूनच सांगाड्याचा बराच भाग अजून मूळचा आहे. 1819 मध्ये इंग्लंडला पोचल्यावर मात्र पंचवीसेक वर्षं ती नुसती नांगरून होती! मग फेरबदल करून तिची 26 तोफांची कॉर्व्हेट, म्हणजे लहान युद्धनौका केली.

तोफांच्या डेकखाली खलाशांचा डेक आहे. जेवण तिथेच, झोळीत झोपणंही तिथेच. छत ठेंगणं, डोकं सांभाळा. तुळया जहाजाच्या कुशीला मिळतात तिथलं सुतारकाम मात्र वाकून पाहाच. नाळेवरचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरचा, पगडीवाला पुतळा बाहेर धक्क्यावरूनच नीट दिसतो.

जहाजाचं संग्रहालय तिकिटाचं, शेजारचं गावाचं संग्रहालय फुकट. गावाची बंदर-गोदीची हकीकत तिथे कळते, तासभर पुरे. फ्रेंच हेर समजून माकडाला फाशी दिल्याची गोष्ट गावात ऐकाल, ती दंतकथा आहे. 16 डिसेंबर 1914 चा जर्मन तोफमारा मात्र खरा. तो जिथे झाला तो गावाचा जुना भाग, हेडलँड, पाण्यापलीकडे जवळ भासतो, पण रस्त्याने मोठा वळसा पडतो. गुडघे दुखत असतील तर बसनेच जा.